गोषवारा आणि अस्सल : ग्रंथालयांतील कृत्रिम बुद्धिमत्ता व इतिहासाचा विद्यार्थी

गेल्या चातुर्मासांत पदव्युत्तर वर्गाचा एक विद्यार्थी आपल्या निबंधाचा खर्डा घेऊन आमच्याकडे आला. विषय निजामशाहीच्या अखेरच्या दिवसांतील जुन्नर प्रांताचा होता, व ओघानें त्यांत शिवजन्माचा उल्लेख आला होता. शिवाजीमहाराजांच्या जन्मसालाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं, कांहीं १६२७ मानतात तर कांहीं १६३०, अशा आशयाचें तें वाक्य होतें. वाक्यास आधार कोणता म्हणून विचारतां असें कळलें कीं, त्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयानें घेतलेल्या एका डेटाबेसमध्यें आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचा शोधसाहाय्यक बसविला आहे. त्याला प्रश्न घातला असतां तो संग्रहांतील लेख धुंडाळून चारपांच वाक्यांचा गोषवारा देतो व खालीं आधारांची यादी जोडतो. यादींतील पांचहि लेख आम्हीं ताडून पाहिले. पांचहि खरे निघाले. बनावट एकहि नव्हता. तथापि उत्तर चुकीचें होतें, आणि तें कां चुकलें हें समजून घेणें आम्हां जुनीं कागदपत्रें जमविणारांस अगत्याचें आहे.

जन्मतिथीचा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं, म्हणून उजळणी थोडक्यांत करतों. शके १५४९ चा वैशाख, म्हणजे इ. स. १६२७, हा काळ उत्तरकालीन बखरींतून आला. ग्रँट डफनें १८२६ सालीं छापलेल्या आपल्या इतिहासांत १६२७ हेंच साल घेतलें, आणि त्यावरून तें पुढील पुस्तकांत चालत राहिलें. १९१६ सालीं लोकमान्य टिळकांनीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी स्पष्ट तिथि आहे. ती ज्यूलियन गणनेनें १९ फेब्रुवारी १६३० रोजीं पडते. नंतर १९२७ सालीं दिवेकरांनीं परमानंदाचें शिवभारत छापून काढलें, तेव्हां समकालीन कवीच्या तोंडूनहि तीच तिथि निघाली. एकीकडे दीर्घ काळानें ऐकीव माहितीवर रचलेल्या बखरी. दुसरीकडे एका देशमुख घराण्यांतील त्रोटक, निरलंकार टिपणें आणि एक संस्कृत काव्य, हीं परस्परांशीं संबंध नसतां एकाच तिथीवर येऊन मिळणारीं. साक्षीचें वजन कोणीकडे हें सांगावयास नको. परंतु छापील पानेंच मोजूं गेलें तर १६२७ चा पक्ष दुबळा दिसत नाहीं. जुनीं पुस्तकें पुनः पुनः छापलीं जातात, त्यांवरून इंग्रजी लेख तयार होतात, व त्या लेखांचे सारांश डेटाबेसांत शिरतात. यंत्रानें साक्षीदारांचीं डोकीं मोजलीं, साक्ष तोलली नाहीं. त्याच्यापुढें जेधे शकावली नव्हतीच. तिच्याविषयीं कोणीं लिहिलें त्याचा सारांश होता.

यंत्राकडून गोषवारा काढवून घेण्याची कल्पना कालची नाहीं. १९५८ च्या एप्रिलांत आय. बी. एम. कंपनीच्या संशोधन-नियतकालिकांत हान्स पीटर लून यांचा या विषयावरील निबंध आला. अगदीं सामान्य शब्द वगळून लेखांत जे शब्द वारंवार येतात ते महत्त्वाचे धरावे, असे शब्द ज्या वाक्यांत दाटीनें येतात त्या वाक्यांस गुण द्यावे, आणि सर्वांत अधिक गुणांचीं मोजकीं वाक्यें उचलून सारांश म्हणून छापावीं, अशी त्यांची रीत होती. अर्थाशीं यंत्राचा कांहीं संबंध नव्हता. पण निदान जीं वाक्यें येत तीं मूळ लेखकाचीं असत, आणि तोच लेख पुन्हां घातला तर तींच वाक्यें पुन्हां निघत. आमच्या दृष्टीनें या दोन गोष्टी लहान नव्हत्या.

मधला इतिहास भरभर सांगून टाकतों. कोणत्या लेखानें कोणत्या लेखाचा आधार घेतला याची मोठी सूचि यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ पासून फिलाडेल्फियाहून काढली. १९९५ त जेस्टॉर ही संस्था उभी राहिली, व जुन्या नियतकालिकांचे अंक पानोपान छायारूपानें घरबसल्या दिसूं लागले. २००४ त स्कोपस निघालें. भाषेचे नवे साचे ज्या रचनेवर उभे आहेत ती १९१७ ची नव्हे, २०१७ ची. हें अशासाठीं लिहितों कीं, शतकाच्या अंकाची चूक आमच्या हातूनहि होते आणि ती पकडणारा माणूस शेजारीं असावा लागतो. २०२० त, साच्यानें केवळ आठवणीवर न बोलतां आधीं संग्रहांत शोध घ्यावा व सांपडलेल्या मजकुरावरून उत्तर रचावें, ही पद्धत मांडली गेली. ग्रंथालयांतील बहुतेक शोधसाहाय्यक याच पद्धतीचे आहेत. जेस्टॉरनें आपलें साधन २०२३ त चांचणीसाठीं खुलें केलें. स्कोपसचें जानेवारी २०२४ त सर्वत्र आलें. प्रिमो या शोधव्यवस्थेचेंहि त्याच वर्षीं आलें.

या पद्धतीमुळें एक मोठा दोष पुष्कळ कमी झाला, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. मोकळ्या संभाषणयंत्रावर विसंबून २०२३ सालीं न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयांत वकिलांनीं अस्तित्वांतच नसलेले निवाडे दाखल केले, आणि न्यायाधीशांनीं त्यांस पांच हजार डॉलर दंड केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. शोधसाहाय्यकाची यादी प्रत्यक्ष संग्रहांतून येत असल्यानें तसल्या भूताटकीस तेथें जागा थोडी. पण आधार खरा असणें आणि विधान त्या आधारांत असणें या दोन निराळ्या गोष्टी होत. प्रश्न आला कीं साचा त्याचे शोधशब्द बनवितो, संग्रहांतून कांहीं नोंदी वर येतात, त्यांतल्या थोडक्या निवडल्या जातात, व त्यांवरून उत्तर लिहिलें जातें. प्रिमोमध्यें अशा पांच नोंदींवर उत्तर उभें राहतें, आणि वाचलें जातें तें सामान्यतः त्यांचें सारांशाचें कलम, अख्खा लेख नव्हे. म्हणजे अस्सल कागद, त्यावरून अभ्यासकाचा लेख, लेखावरून सारांश, आणि पांच सारांशांवरून यंत्राचा गोषवारा, अशी ही चौथ्या हाताची साक्ष झाली. दप्तरांत नकलेच्या नकलेला आपण काय किंमत देतों हें ठाऊक असलेल्या माणसास यापुढें अधिक सांगणें नको.

एक गोष्ट मात्र आम्हांस फार विचित्र वाटली. अशाच एका साधनाविषयीं ग्रंथपालांनीं २०२५ त असें नोंदविलें कीं, कांहीं कत्तलींसंबंधीं प्रश्न विचारतां यंत्र उत्तरच देत नाहीं; अनिष्ट मजकूर अडविण्यासाठीं बसविलेली चाळणी अशा शब्दांवर आडवी येते. कत्तल, लूट, जाळपोळ हे शब्द काढून टाकले तर अठराव्या शतकाच्या अभ्यासकापाशीं राहणार काय? पानिपतावर निबंध लिहिणाऱ्या मुलानें, यंत्र गप्प बसलें म्हणजे साधनें नाहींत, असें समजूं नये.

माणसानें केलेले गोषवारे निर्दोष असतात असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर इंग्रजींत त्याचा आशय व तारीख दिली आहे. पुष्कळ पत्रांत केवळ तिथि किंवा चंद्र असतो, साल नसतें. तें संपादकांनीं अनुमानानें बसविलें, व त्यांतील कांहीं सालें पुढील अभ्यासकांनीं फिरविलीं. खालचें मराठी पत्र न वाचतां माथ्यावरचें इंग्रजी वाचूनच पत्राचा हवाला देणारे लेखक आम्हीं पाहिले आहेत, आणि तारुण्यांत आम्हींहि एकदोनदां तसें केलें आहे. पण तेथें माथ्यावरील मजकूर कोणाचा हें ठाऊक आहे. तो छापून कायम झाला आहे. आणि ज्या पत्रावरून तो काढला तें पत्र बोटभर खालीं आहे. सरदेसायांची चूक सरदेसायांच्याच पानावर दुरुस्त करतां येते. यंत्राच्या गोषवाऱ्यास कर्त्याचें नांव नाहीं, आणि तोच प्रश्न उद्यां विचारला तर शब्द निराळे येतील, कधीं आधारहि निराळे. वादांत जी साक्ष दुसऱ्या दिवशीं त्याच शब्दांत उभी राहूं शकत नाहीं तिचा हवाला टीपेंत कसा द्यावा?

म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्हीं यंत्र सोड असें सांगितलें नाहीं. वाटाड्या म्हणून तें उपयोगी आहे. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनीं १९३१ सालीं पांच नियम मांडले त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयींचा आहे, आणि वेळ येथें खराच वाचतो. नवशिक्यास शब्द ठाऊक नसतात हीच त्याची मोठी अडचण. गांवांतील कारागिरांस पिढीजात धान्य देण्याची चाल, असें तो साध्या भाषेंत लिहितो, आणि यंत्र त्याला बलुतेदारीवरील, वतनावरील, अगदीं उत्तरेकडील जजमानीवरील लेखांपर्यंत नेऊन सोडतें. पूर्वींच्या यादींत नेमका मथळ्याचा शब्द हातीं नसेल तर हे लेख वर्षभर दृष्टीस पडले नसते. मात्र तेथें पोंचल्यावर उतरून पायीं चालावयाचें. आम्हीं त्याजकडून तीन गोष्टी लिहून घेतल्या : कोणतें साधन, कोणत्या तारखेस, कोणत्या शब्दांत प्रश्न. या गोष्टी त्यानें आपल्या वहींत ठेवाव्या, निबंधाच्या टीपांत नव्हे. मग जेधे शकावलीचें पान त्याच्यापुढें उघडून ठेवलें. तिथीची ओळ त्यानें दोनदां वाचली, आणि म्हणाला, "एवढी स्पष्ट आहे, तर मग यंत्रानें हीच कां दाखविली नाहीं?"

या प्रश्नाचें उत्तर यंत्राच्या बुद्धींत नाहीं, आमच्या कपाटांत आहे. शोधसाहाय्यकास जें ठाऊक आहे तें इंग्रजी नोंदींत उतरलेलें. मराठी संशोधन-नियतकालिकांचा बहुतेक भाग या मोठ्या डेटाबेसांत नाहीं. जो इतरत्र छायारूपानें ठेवला आहे त्यालाहि लेखवार सारांश नाहीं. मोडी कागदांची गोष्ट तर त्याहून दूरची. मोडी अक्षरांना संगणकांतील युनिकोड क्रमांकच २०१४ त मिळाले. २०२५ त आय. आय. टी. रुरकी येथील संशोधकांनीं मोडी लेखांचीं दोन हजारांवर चित्रें त्यांच्या बालबोध वाचनासह जमवून यंत्राला मोडी वाचावयास शिकविण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला. प्रयत्न स्तुत्य आहे. पण घसटीच्या मोडींतलीं अर्धवट शेंपटें कोणत्या शब्दाचीं हें लावण्यासाठीं पत्राचा संदर्भ, घराण्याचीं नांवें, गांवांचीं नांवें माहीत असावीं लागतात, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद कोट्यवधि आहेत. दोन हजार चित्रें म्हणजे एखाद्या कोपऱ्यांतला रुमाल.

इकडे मागणी मात्र झपाट्यानें वाढणार. केंद्रसरकारनें २५ नोव्हेंबर १९२४ नव्हे, २०२४ रोजीं (पुन्हां तोच हात!) "एक राष्ट्र एक वर्गणी" ही योजना मंजूर केली, तीन वर्षांस सहा हजार कोटि रुपये, तीस प्रकाशकांचीं सुमारें तेरा हजार नियतकालिकें, आणि सहा हजारांवर सरकारी शिक्षण व संशोधन संस्था. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. ज्या जिल्ह्याच्या गांवीं परदेशी नियतकालिकाचा अंक डोळ्यांनीं दिसत नव्हता तेथें आतां हजारों नियतकालिकें दिसूं शकतात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नियतकालिकें आलीं कीं त्यांच्या दारावरचा शोधसाहाय्यकहि आज ना उद्यां येणार, आणि मराठ्यांच्या इतिहासावर प्रश्न विचारणारा मुलगा तो सांगेल तेवढेंच साहित्य आहे असें धरून चालणार. दाराबाहेर राहिलेला कागद त्याच्यापुरता जळाल्यासारखाच.

आमच्यापैकीं अनेकांच्या घरीं पेट्या आहेत. कागद मिळविले, कसर लागूं नये म्हणून वेखंड घातलें, कापडांत बांधले, आणि त्यावर "जुनीं पत्रें" एवढेंच लिहून ठेवलें. विचारावयास येईल त्याला तोंडीं सांगूं, ही आमची जुनी चाल. तोंडीं सांगणें कोणत्याहि डेटाबेसांत जात नाहीं. प्रत्येक कागदाची एक ओळ तरी हवी : लिहिणाराचें व घेणाराचें नांव, गांव, कागदांत असेल तशी तिथि, लिपि, बंद किती, आणि आशयाचें एक वाक्य. साल अनुमानाचें असेल तर अनुमानाचें म्हणून लिहावें. तेथें ठाम तारीख घातली तर यंत्र ती निःशंकपणें शंभर मुलांस सांगेल. हें वाक्य मराठींत लिहावें व शक्य तर त्याखालीं इंग्रजींतहि द्यावें. इंग्रजीचा आग्रह आम्हांसहि रुचत नाहीं, पण शोधणारा आज त्या वाटेनें येतो. ज्यानें ओळ लिहिली त्याचें नांव शेवटीं असावें, म्हणजे चूक निघाली तर कोणास विचारावें हें कळेल.

त्या विद्यार्थ्यानें निबंधांतील वाक्य बदललें व टीपेंत शकावलीचें पान दिलें. नंतर तो दर शनिवारीं येऊं लागला. संस्थेच्या संग्रहांत जुन्नर प्रांताचे तीन रुमाल कित्येक वर्षें न सोडतां पडले होते. त्यांतला पहिला सोडून आजवर १४२ कागदांच्या ओळी त्यानें व आम्हीं मिळून लिहिल्या आहेत. अकरा कागदांचें साल लागलेलें नाहीं, व दोहोंचें अक्षरच लागत नाहीं. या यादीचा पहिला हप्ता पुढील अंकीं देण्याचा विचार आहे. त्या दोन कागदांचीं छायाचित्रेंहि सोबत देऊं, कोणास वाचतां आल्यास कळवावें.