गुण्या, घमेले आणि खण

गवंड्याच्या हत्यारांत ओळंबा आणि गुण्या शेजारी शेजारी असतात. भिंत सरळ उभी आहे का ते ओळंबा सांगतो, कोपरा काटकोनात आहे का ते गुण्या. ओळंबा हा संस्कृत ‘अवलंब’च्या कुळातला. गुण्या मात्र फारसी ‘गूनिया’तून आला, आणि फारसीत तो कोन या अर्थाच्या ग्रीक ‘गोनिया’वरून गेलेला. सुताराचा रंधाही फारसीच. यावरून काटकोन जुळवणे आणि लाकूड साफ करणे आपल्याकडच्या कारागिरांना सुलतानी अमलात कळले, असे म्हणावेसे वाटते. पण वेरूळचे कैलास लेणे ८व्या शतकातले आहे, अंबरनाथचे शिवमंदिर १०६०च्या सुमाराचे, आणि अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ साली. अंबरनाथचे कोपरे घडवणाऱ्या पाथरवटांकडे काटकोन तपासायचे साधन होतेच. उसना शब्द म्हणजे वस्तूचा जन्मदाखला नव्हे. काम कोणाच्या देखरेखीखाली चालले, हाक कोण मारत होता आणि ती ऐकून वस्तू कोण आणून देत होता, याची ती नोंद आहे.

घराच्या अंगाचे शब्द पाहिले तर हे अधिक पटते. भिंत, वीट, खांब, तुळई, वासा, दार, उंबरठा हे सगळे संस्कृत-प्राकृतातून घरंगळत आलेले. उंबरठ्यात तर उंबराचे झाड अजून दिसते, मग तो आज ग्रॅनाइटचा का असेना. मजूर, मुकादम, इमारत हे शब्द मात्र फारसी-अरबी. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती, गोवा तर त्याहून कितीतरी अधिक काळ. त्यांच्याकडून आपण घेतले ते मेस्त्री, पगार, घमेले आणि बिजागरी. माती वाहायला पाटी आणि टोपली आधीपासून होत्या, मजुरीही होती. तरी नवे शब्द रुजले, कारण कामाची घडी नवी होती.

यावर कमानीचा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. कमान हा फारसी शब्द, आणि दख्खनमध्ये कमानीवर भार तोलायची रीत सुलतानी बांधकामांबरोबरच पसरली. १६५६च्या सुमारास पुऱ्या झालेल्या विजापूरच्या गोल घुमटापर्यंत तिची चढती दिसते. सुलतानी अमलाआधीची देवळे खांब आणि तुळई यांवर उभी आहेत. इथे शब्द आणि वस्तू हातात हात घालून आली. म्हणून शब्दाची साक्ष एकटी घेऊ नये, शेजारी उभ्या असलेल्या दगडालाही विचारावे. दुसरा आक्षेप असा की देखरेख करणाराच शब्द ठरवत असेल, तर राजा बदलला की शब्द बदलायला हवेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त दहा वर्ग आहेत, त्यांत एक दुर्गवर्ग. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द त्यात मोठ्या निष्ठेने दिलेले आहेत. तरी बुरूज बुरूजच राहिला. शब्द फर्मानाने येत नाही तसा फर्मानाने जातही नाही. तो पायाडावर रोजच्या हाकेत ठरतो.

इंग्रजी शब्दांचा थर याच वाटेने साचला. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले, पुढे सिमेंट आले, आणि स्लॅब, बीम, कॉलम ही कामावरची बोली झाली. त्यातला ‘सेंट्रिंग’ मला फार बोलका वाटतो. मुळात तो कमान बांधताना तिला खालून तोलणारा लाकडी साचा. आज सपाट स्लॅबखालच्या फळ्यांना आणि टेकूंना आपण तेच म्हणतो. कमान गेली, तिच्या साच्याचे नाव उरले.

या थराखाली एक शब्द मात्र दबला, आणि त्याचे मला वाईट वाटते. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. लाकूड जेवढे लांब मिळेल आणि जेवढा भार पेलेल तेवढी ती जागा, म्हणून घर खणांत मोजत. स्लॅबला लाकडाची ही मर्यादा उरली नाही, आणि माप चौरस फुटांवर गेले. कोणी म्हणेल, चौरस फूट अचूक आहे, खण गावोगाव वेगळा. विक्रीच्या हिशेबापुरते ते बरोबरच आहे. पण जुन्या कागदात ‘७ खणांचे घर’ वाचले की त्याच्या माथ्यावर साधारण किती तुळया असतील, ते डोळ्यांपुढे येते. ‘६०० चौरस फूट’ वाचून छत कशावर उभे आहे ते कळत नाही.