औषधविक्री, ग्रामीण : वैभववाडी परिसर

औषधांचा साठा करून ती रुग्णास वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीप्रमाणे किंवा अनुज्ञेय असेल तेथे चिठ्ठीशिवाय पुरविणाऱ्या दुकानास औषधालय किंवा औषधविक्री केंद्र म्हणतात. ‘मेडिकल’ हे त्याचे बोलीतील रूढ नाव होय. इतर किरकोळ व्यापाराहून हा व्यवसाय एका महत्त्वाच्या बाबतीत वेगळा आहे. धान्य किंवा कापड यांची प्रत ग्राहक स्वतः पारखू शकतो. परंतु गोळीत सांगितलेले द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात आहे किंवा नाही, हे त्याला पाहून किंवा चाखून कळत नाही. म्हणून ही पारख त्याच्या वतीने कायद्याने व प्रशिक्षित व्यक्तीने करावी, हे या व्यवसायाच्या नियमनामागील मूळ तत्त्व आहे. दुर्गम भागात मात्र औषध शुद्ध असणे जेवढे आवश्यक, तेवढेच ते वेळेवर मिळणेही आवश्यक असते. या दोन गरजांचा मेळ घालण्याचा प्रयत्न ग्रामीण औषधविक्रीच्या इतिहासात सातत्याने दिसून येतो.

वैभववाडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक तालुक्याचे ठिकाण असून ते सह्याद्रीच्या पायथ्याशी वसले आहे. पूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. तळेरे येथून वैभववाडीमार्गे जाणारा रस्ता करूळ घाटाने गगनबावड्यास चढतो व पुढे कोल्हापूरला मिळतो. भुईबावडा घाट हा दुसरा मार्ग आहे. पावसाळ्यात दरडी कोसळून घाटातील वाहतूक खंडित होण्याचे प्रसंग येतात. कोकण रेल्वे १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर सुरू झाल्यानंतर वैभववाडी रोड स्थानकामुळे मुंबई व गोवा यांच्याशी थेट संपर्क साधला गेला. तत्पूर्वी गणेशोत्सवास किंवा शिमग्यास गावी येणारे चाकरमानी घरच्या वृद्धांसाठी मुंबईहून औषधे घेऊन येत. एरवी घरगुती मात्रा, वैदूचा झाडपाला आणि किराणा दुकानातील मोजक्या तयार गोळ्या यांवर भिस्त असे.

पूर्वपीठिका : या प्रदेशाच्या दक्षिणेस असलेल्या गोव्यात औषधविद्येची परंपरा जुनी आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतातील औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. पणजी येथे १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात वैद्यकाबरोबर औषधनिर्मितीचेही शिक्षण दिले जाई. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये सुरू झाले. इलाख्यातील सरकारी दवाखान्यांतून मिश्रणे, चूर्णे व मलमे तयार करून देणारा कंपाउंडर हा एक वर्ग निर्माण झाला. त्याचे ज्ञान बहुधा अनुभवातून आलेले असे. त्याच्या पात्रतेविषयी देशभर लागू होईल असा कोणताही नियम नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर आयात औषधांचा सुळसुळाट झाला. क्विनिनाच्या गोळ्यांत क्विनिनाचे प्रमाण कमी असल्याच्या तक्रारी वाढल्या. हिवतापाने ग्रासलेल्या भागात अशी गोळी घेणारा रुग्ण बरा होत नसे आणि दोष मात्र औषधाऐवजी त्याच्या दैवाला दिला जाई. सर हारून जाफर यांनी १९२७ मध्ये राज्यपरिषदेत औषधांच्या नियंत्रणाविषयीचा ठराव मांडला. त्यानंतर १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने १९३१ मध्ये सादर केलेल्या अहवालात औषधांच्या प्रतीवर नियंत्रण व औषधनिर्मात्यांचे शिक्षण आणि नोंदणी या दोन्हींची शिफारस केली. महादेवलाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे अध्यापन सुरू झाले.

विधिनियम : चोप्रा समितीच्या शिफारशींना अनुसरून औषध अधिनियम १९४० मध्ये व त्याखालील नियम १९४५ मध्ये करण्यात आले, उत्पादन व विक्री यांवरील नियंत्रण प्रत्यक्षात १९४७ पासून अमलात आले. हाच अधिनियम पुढे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम या नावाने ओळखला जाऊ लागला. औषधनिर्मात्यांच्या व्यवसायाचे नियमन करणारा भेषजी अधिनियम १९४८ मध्ये संमत झाला. पाच वर्षे औषधे मिसळून देण्याचे काम केलेल्या व्यक्तींची नावे पहिल्या नोंदवहीत दाखल करण्याची तरतूद त्यात होती. तिच्यामुळे जुन्या कंपाउंडरांची उपजीविका सुरक्षित राहिली व नव्या पिढीला पदविकेचा मार्ग खुला झाला. नोंदणीकृत औषधनिर्मात्याखेरीज अन्य कोणीही चिठ्ठीवरील औषध तयार करून देऊ नये, हा नियम मात्र देशात सर्वत्र लागू होण्यास १ सप्टेंबर १९८४ पर्यंतचा काळ जावा लागला. एवढी मुदत देण्यामागे ग्रामीण भागातील प्रशिक्षित व्यक्तींची टंचाई हे एक कारण होते.

दुकानांचे प्रकार : नियमांनी पात्र व्यक्तीच्या उपस्थितीवरून दुकानांचे तीन वर्ग कल्पिले आहेत. ज्या ठिकाणी नोंदणीकृत औषधनिर्माता आवश्यक नाही ते ‘ड्रगस्टोअर’. ज्या ठिकाणी तो आहे परंतु मिश्रणे तयार केली जात नाहीत ते ‘केमिस्ट्स अँड ड्रगिस्ट्स’. आणि ज्या ठिकाणी चिठ्ठीबरहुकूम मिश्रणे तयार करण्याचीही सोय आहे ती ‘फार्मसी’. कारखान्यांतून तयार गोळ्या व कुप्या येऊ लागल्यावर खलबत्ता व मोजपात्र यांचे महत्त्व घटले आणि दुसरा वर्ग सर्वत्र प्रमुख ठरला.

किरकोळ विक्रीसाठी सामान्य औषधांचा नमुना २० व लसी, प्रतिविषे, इन्शुलिन इ. जैव औषधांचा नमुना २१ असे परवाने लागतात. दुकानाचे क्षेत्रफळ किमान १० चौ. मी. असावे लागते. अनुसूची ‘एच’ मधील औषधे केवळ चिठ्ठीवर द्यावयाची असतात. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापरास आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये अनुसूची ‘एच-१’ निर्माण करण्यात आली व मार्च २०१४ पासून ती अमलात आली. तीतील औषधे देताना चिठ्ठी देणारा डॉक्टर, रुग्ण, औषध व परिमाण यांची स्वतंत्र नोंद करून ती तीन वर्षे जतन करावी लागते. महाराष्ट्रात या नियमांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

दुर्गम भागासाठी सवलती : पूर्ण परवान्याच्या अटी प्रत्येक वाडीत पाळणे अशक्य असल्याने नियमांतच काही पळवाटा नव्हे, तर वाटा ठेवण्यात आल्या. ज्यांच्या विक्रीस पात्र व्यक्तीची देखरेख लागत नाही, अशा औषधांसाठी नमुना २०-अ व २१-अ हे मर्यादित परवाने आहेत. हजारापेक्षा अधिक लोकसंख्या नसलेल्या गावात काही घरगुती औषधे परवान्याविना विकण्याची मुभा अनुसूची ‘के’ ने दिली. नोंदणीकृत डॉक्टरास स्वतःच्या रुग्णांना औषध देण्याची सूटही तीतच आहे. वैभववाडीसारख्या विखुरलेल्या वाड्यांच्या तालुक्याच्या दृष्टीने या तरतुदी महत्त्वाच्या आहेत. कारण रात्री ताप चढलेल्या मुलास तालुक्याच्या गावी नेण्यापेक्षा जवळच्या दुकानातील गोळी हाच बहुधा पहिला उपाय असतो.

सवलतीबरोबर धोकाही येतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या प्रारंभी डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेले ग्लिसरीन दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध प्रशासनातील शैथिल्यावर कठोर ताशेरे ओढले. हेच द्रव्य १९३७ मध्ये अमेरिकेत शंभराहून अधिक मृत्यूंस कारण झाले होते. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात २०२५ मध्ये त्याच द्रव्याने दूषित झालेल्या खोकल्याच्या औषधामुळे वीसहून अधिक बालके मृत्युमुखी पडली आणि खोकल्याच्या पातळ औषधांना अनुसूची ‘के’ मधील सूट असावी काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. या घटनांत दोष उत्पादनाच्या वा तपासणीच्या पातळीवर होता. शेवटच्या टोकाचा विक्रेता बाटली उघडून तो ओळखू शकत नाही. परंतु खरेदीची पावती, तुकडी क्रमांक व मुदत यांची नोंद त्याच्याकडे असेल, तर दूषित तुकडी कोणत्या गावात गेली हे काही तासांत शोधता येते. नोंद नसेल, तर सदोष औषध घरोघरी तसेच पडून राहते. नोंदवहीचे मोल येथे कळून येते.

सेवा : औषध देणे एवढेच औषधनिर्मात्याचे कार्य नव्हे. चिठ्ठीची सत्यता पाहणे, मात्रा व वय यांचा मेळ तपासणे, औषध कसे व केव्हा घ्यावे हे रुग्णाच्या बोलीत समजावून सांगणे आणि औषधांची परस्पर बाधा डॉक्टराच्या नजरेस आणणे ही त्याची कर्तव्ये होत. २०१५ च्या भेषजी व्यवसाय विनियमांत त्यांचा स्पष्ट निर्देश आहे. इन्शुलिन व लसी २° ते ८° से. तापमानात ठेवाव्या लागतात. पावसाळ्यात वीज खंडित होणाऱ्या व दमट हवेच्या प्रदेशात ही अट पाळणे खर्चाचे असते. दुसरीकडे, २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरविताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरला आहे. त्यातच औषधनिर्मात्याचे वेतन, वीज व मुदत संपलेला माल यांचा भार सोसावा लागतो. अल्प विक्री असलेल्या दुकानात औषधनिर्मात्याची उपस्थिती केवळ भिंतीवरील प्रमाणपत्रापुरती राहण्याची प्रवृत्ती यातूनच उद्भवते.

चोप्रा समितीच्या काळी प्रश्न निकृष्ट औषधाचा होता. आज त्याला अतिवापराच्या प्रश्नाची जोड मिळाली आहे. दोन्हींवरील उपाय मात्र एकच आहे : दुकानाच्या फळीमागे जबाबदार व जाणकार व्यक्ती प्रत्यक्ष उभी असणे. घाटाखालच्या तालुक्यात डॉक्टर दूर असतो तेव्हा रुग्ण आणि चुकीचे औषध यांच्यामध्ये तीच एक व्यक्ती असते.