तिथी आणि भरती

मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीमापक यंत्राच्या नोंदी १८७८ साली सुरू झाल्या. पण उत्तन-वसईच्या कोळ्याचे गणित पंचांगावर चाले. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास हाती येई: अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. थोडाफार फरक कोण मोजतो?

डोलीला पाण्याची ओढ हवी. म्हणून पुनवेच्या नि अवसेच्या उधाणावर होड्या लोटायच्या. भांगाच्या मंद पाण्यात जाळी तुणायची. खरी कसोटी मात्र पाणी थबकण्याच्या घटकेची. तेवढ्यात डोल उचलली नाही, तर प्रवाह उलटून सापडलेली मासळी तोंडावाटे निसटे. परतताना खाडीचे मुख आटलेले असले, तर भरलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत चिखलात रुतून राही, आणि किनाऱ्यावर बाजार उठून जाई.