अक्कलदाढ आणि चुकीची दाढ

गेले दोन आठवडे एका हातानं उजवा गाल धरून कोडिंग चाललंय. शेवटी शनिवारी एक्स-रे काढला. वरची उजवी अक्कलदाढ गालाकडे तिरकी येतेय. आणि वरची डावी? ती मुळात तयारच झालेली नाही! "म्हणजे अक्कल अर्धीच," बायकोनं लगेच निदान केलं. :-)

असो. रविवारी वाचत बसलो. दातांच्या पुस्तकात वरच्या पहिल्या दाढेला तीन सुटी मुळं आणि चार ठळक उंचवटे असतात. अक्कलदाढेला असले नियम लागू नाहीत. तिची मुळं बरेचदा एकमेकांना चिकटून एकच शंकू होतो. मागचा, टाळूकडचा उंचवटा आक्रसतो किंवा गायबच होतो, मग दाढ तिकोनी दिसते. कुणाची अगदी खुंटीएवढी, कुणाच्या मागे आणखी एक जादा दाढ. आणि जगात दर चार-पाच माणसांत एकाला निदान एक अक्कलदाढ नसतेच. म्हणजे मी काही 'डिफेक्टिव्ह पीस' नाही.

आता इतिहास. पुरुषांना बायकांपेक्षा जास्त दात असतात, असं ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलं. १५४३ साली वेसालियसनं आपल्या 'फाब्रिका' या शरीररचनेच्या ग्रंथात ते खोडून काढलं. दात काय, कुणीही मोजावेत! पण मला आवडला तो त्याच प्रकरणातला पुढचा भाग. अक्कलदाढ उशिरा येते, खूप दुखते, आणि वैद्यांच्या ते ध्यानातच येत नाही. ते भलतेच दात उपटतात, नाहीतर शरीरातले दोष बिघडले म्हणून गोळ्या देत बसतात. खरं तर तिथली हिरडी कापून वाट करून द्यायला हवी, असं तो सांगतो. हे त्याला कसं कळलं? त्याची स्वतःची बत्तिसावी दाढ सव्विसाव्या वर्षी, हे लिहितानाच, बाहेर येत होती!

एरर दिसते एका मॉड्यूलमध्ये, बग असतो दुसरीकडेच. आपल्याला हे रोजचंच.

रात्री हे सगळं बाबांना फोनवर सांितलं. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "माझी पण चुकीचीच काढली होती रे." तालुक्याला, लग्नाआधी. चांगली दाढ गेली, दुखणं तसंच राहिलं, आणि महिन्याभरानं मागून अक्कलदाढ वर आली. "सगळे म्हणाले, याचं नाटकच फार. मग मीही बोलायचं सोडलं."

बाबा एकाच बाजूनं जेवतात हे मी लहानपणापासून बघतोय. का, ते कधी विचारलं नव्हतं.

माझी दाढ बुधवारी काढायचीय. भूल देण्याआधी एक्स-रे समोर धरून 'नक्की कुठली?' असं विचारणार आहे. आणि पुढच्या शनिवारी बाबांना घेऊन जाणार आहे.