फळमाशीच्या पोटातले भाडेकरू

१ मे २०१४. देवगडात हापूसचा हंगाम ऐन भरात, आणि युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं. आलेल्या मालात कीड सापडली होती, त्यात मुख्य फळमाशी. मादी साल टोचून आत अंडी घालते. फळ वरून देखणं, कापलं की अळ्या. बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली, पण तो हंगाम गेला तो गेलाच.

बागांत टांगलेले सापळे तुम्ही पाहिले असतील. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' त्यातलाच. आतल्या मिथाइल युजेनॉलवर नर माश्या वेड्यासारख्या येतात. याची सुरुवात बिहारमधल्या पुसाची. तिथले कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी १९१२ मध्ये लिहिलं, की सिट्रोनेला तेलावर फळमाशीचे नर जमतात. डास पळवायचं तेल, आणि माश्या गोळा!

माशीच्या प्रेमात गंधच सगळं ठरवतो. मग तो गंध बनवतं कोण? २०२१ मध्ये चिनी संशोधकांनी दाखवलं, की याच जातीच्या नराच्या गुदाशयातले बॅसिलस जीवाणू मादीला ओढणारी द्रव्यं तयार करतात. म्हणजे माशीचं प्रेमपत्र भाडेकरूच लिहितोय.

इथून प्रश्न मोठा होतो. जोडीदार कोण हे जीवाणू ठरवत असतील, तर नवी जातही तेच घडवतील का? अमेरिकेच्या आयव्हन वॉलिन यांनी १९२७ मध्ये पुस्तकच लिहिलं, की सहजीवी जीवाणूंमुळे नव्या जाती जन्मतात. फार कुणी मनावर घेतलं नाही. २०१० मध्ये तेल अवीवच्या प्रयोगशाळेत पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटांचे दोन गट केले, एक मळीवर वाढवला, दुसरा स्टार्चवर. एकाच पिढीत ती आपल्याच खाण्याच्या गटात जोडीदार शोधू लागली. अँटिबायोटिक दिलं, आवड गेली. जीवाणू परत दिले, आवड परत आली.

गोष्ट इथे संपली असती तर झकास. पण २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तसाच प्रयोग केला, तेव्हा अशी आवड दिसलीच नाही. त्यामुळे 'जीवाणू जाती घडवतात' हे छातीठोक सांगणाऱ्यांवर मी अजून विश्वास ठेवत नाही. गंधाचं मात्र वेगळं. तिथे पुरावा भक्कम आहे.

देवगडच्या बागेत आजही सापळ्यात अडकतो तो नर. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते, म्हणून गळालेला आंबा रोज वेचून खोल पुरावा लागतो.