गोल झाला, हे ठरवायचं कुणी?

नायगावला आम्ही फुटबॉल खेळायचो तेव्हा गोलपोस्ट म्हणजे दोन दगड. बॉल दगडाच्या आतून गेला की वरून, यावर खेळापेक्षा भांडणच जास्त चालायचं आणि शेवटी ज्याचा बॉल त्याचं खरं. हे सांगतोय ते आपल्या एका सवयीसाठी. 'तंत्रज्ञान आलं आणि बदल झाला' असं वाक्य आपण प्रबंधात सर्रास लिहितो. (मीही लिहिलंय. गाईडनी त्यावर लाल रेघ मारली.)

आता तारखा बघा. नोव्हेंबर १९९२, डर्बन कसोटी. जाँटी ऱ्होड्सच्या थ्रोवर आपला सचिन तेंडुलकर धावबाद झाला, पण निर्णय मैदानावरच्या पंचानं दिला नाही, तर टीव्हीवर रिप्ले बघणाऱ्या तिसऱ्या पंचानं दिला. असा बाद झालेला तो पहिला फलंदाज. फुटबॉलनं मात्र गोल ठरवायला यंत्राला परवानगी दिली ती थेट जुलै २०१२ मध्ये.

मधली वीस वर्षं यंत्रच नव्हतं का? होतं की! २००५ साली पेरूमध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकात फिफानं चिप बसवलेला बॉल वापरून पाहिला होता. तरी मार्च २०१० मध्ये आयएफएबीनं हा विषय बंद केला. हे नियम ठरवणारं १८८६ पासूनचं मंडळ. त्यात आठ मतं: चार फिफाची, चार ब्रिटनमधल्या संघटनांची. नियम बदलायला सहा लागतात. मग २७ जूनला ब्लूमफाँटेनला जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून रेषेच्या चांगलाच आत पडला, आणि गोल मिळाला नाही. फिफाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी इंग्लंडची माफी मागितली आणि विषय पुन्हा उघडला.

नकार देताना फिफाचं एक कारण होतं: खेळ जगात सगळीकडे एकाच पद्धतीनं खेळला जावा. म्हणजे आमच्या दगडांचीच काळजी! हे कारण खरं की बहाणा, कसं तपासाल? निर्णय उलटला तेव्हा परिस्थिती बदलली होती का, ते बघा. २०१४ च्या विश्वचषकात एकेका गोलवर सात कॅमेरे होते आणि सेकंदाच्या आत पंचाच्या घड्याळावर इशारा यायचा. नायगावचे दगड होते तिथेच. म्हणजे निर्णय अडला होता तो या कारणानं नाही, असं मला वाटतं.

मग लॅम्पार्डमुळे फिरला म्हणायचं? घाई करू नका. १९६६ च्या वेम्बली फायनलमध्ये जेफ हर्स्टच्या गोलवर असाच वाद झाला, पण तेव्हा पर्याय म्हणून यंत्र नव्हतं. २००५ ला यंत्र होतं, पण जगभर गाजलेली चूक नव्हती. २०१० ला दोन्ही एकत्र आलं. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. आयएफएबीच्या सभांची इतिवृत्तं वाचायला मिळतात. २०१० आणि २०१२ ची शेजारी ठेवा आणि कोणतं कारण कुठे गळालं, तिथे पेन्सिलीनं खूण करा.