साखर उतरवणारी साल : बिजाच्या पेल्यापासून गोळीपर्यंत

तेंदूपत्त्याचा हंगाम नुकताच संपला होता. साठीचे एक काका मुलाच्या खांद्याला धरून माझ्या दवाखान्यात आले. पायाच्या बोटात काटा मोडून बरेच दिवस झाले होते, पण दुखत नव्हते म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. बोट काळे पडले होते. उपाशीपोटी साखर तीनशेच्या वर होती. मधुमेहाच्या गोळ्या त्यांनी तीन महिन्यांपूर्वीच बंद केल्या होत्या. त्याऐवजी रोज सकाळी बिजाच्या लाकडी पेल्यातले पाणी, आणि दिवसातून दोनदा जांभळाच्या बिया व डाळिंबाच्या सालीचे चूर्ण चालू होते.

"डॉक्टरसाहेब, झाडाचंच आहे ना? त्यानं काय नुकसान होणार?" काकांनी विचारले.

चूर्णाने त्यांचे नुकसान केले नव्हते. नुकसान केले ते बंद केलेल्या गोळ्यांनी. पाय वाचला, पण ते बोट काढावे लागले. तरीही काकांचा प्रश्न वेडगळ नव्हता. झाडाच्या सालीतून साखरेचे औषध खरोखर निघाले आहे. ते कसे निघाले, हा इतिहास समजून घेतला तर आपल्याला काय करायचे आणि काय टाळायचे, तेही कळेल.

आपल्या जंगलातला बिजा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागवानी जंगलात बिजा ओळखीचा आहे. बाकी महाराष्ट्रात त्याला बिबला म्हणतात, आयुर्वेदात बीजक किंवा विजयसार. खोडाला घाव घातला की लालभडक डिंक वाहतो. इंग्रजांच्या काळात हा डिंक 'किनो' नावाने युरोपात जाई, पण जुलाब थांबवण्यासाठी. मधुमेहासाठी वापरतात ते त्याच्या गाभ्याचे लाकूड. त्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवले की ते तपकिरी होते आणि उजेडात धरले तर निळसर झाक मारते.

या झाडाची तपासणी आपल्याच देशात झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मधुमेहाचे नव्याने निदान झालेल्या रुग्णांना विजयसार देऊन पाहिले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १२ आठवड्यांनंतर ९७ पैकी ६७ जणांची साखर ठरवलेल्या मर्यादेत आली.

ऐकायला छान वाटते. पण आणखी एक आकडा पाहा. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सरासरी ९.८ वरून ९.४ वर आली. बहुतेक रुग्णांसाठी आपण सातच्या आसपासचे उद्दिष्ट ठेवतो. शिवाय सोबत तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता, म्हणून किती फरक औषधाचा आणि किती पथ्याचा, हे सांगता येत नाही. आणि त्यांना दिलेले औषध मोजून दिलेले होते. पेल्यातल्या पाण्यात रोज किती औषध उतरते, हे कोण मोजतो?

जांभळाची युरोपवारी

आपले जांभूळ तर १८८० च्या दशकातच युरोपात पोहोचले. जर्मनीत कुत्र्यांमध्ये कृत्रिम मधुमेह निर्माण करून जांभळाचा अर्क तपासला गेला. तेव्हा इन्शुलिन नव्हते, डॉक्टरांच्या हाती उपासमारीच्या पथ्याखेरीज फारसे काही नव्हते. त्यामुळे जांभळाच्या बियांवर मोठी आशा होती. १९२१ मध्ये टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला आणि जांभूळ मागे पडले. पुढे ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा चहा नेहमीच्या गोळीशी ताडून पाहिला. गोळीने साखर उतरली, चहाने उतरली नाही. बियांची गोष्ट वेगळी असू शकते, पण गोळी बंद करण्याइतका पुरावा आजही नाही.

जिंकली ती सफरचंदाची साल

मराठीत फळाच्या आवरणालाही साल म्हणतात आणि झाडाच्या खोड-मुळावरच्या आवरणालाही. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा केला, फ्लोरिझिन. कडू म्हणून तापावर चालेल असे वाटले होते. पण १८८६ मध्ये योसेफ फॉन मेरिंग यांनी दाखवले की त्यामुळे लघवीतून साखर बाहेर पडते.

मग ते लगेच औषध का झाले नाही? कारण पोटात गेल्यावर ते आतड्यातच मोडते, रक्तात पुरेसे पोहोचत नाही. शिवाय साखरेची वाहतूक नको त्या ठिकाणीही अडते. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत बदल केले. आतड्यात न मोडणारा, फक्त मूत्रपिंडातल्या ठरावीक वाहकावर काम करणारा रेणू तयार झाला. डापाग्लिफ्लोझिन ही गोळी २०१२ मध्ये युरोपात मंजूर झाली. २०२० मध्ये भारतात तिचे पेटंट संपले आणि ती स्वस्त झाली. तुमच्यापैकी काहींच्या डबीत ती असेलही. म्हणजे साल ते गोळी या प्रवासाला पावणेदोनशे वर्षे लागली!

फ्लोरिझिन सफरचंद फळाच्या सालीतही थोडे असते. पण साली खाऊन गोळीचा परिणाम मिळत नाही.

मग डाळिंबाची साल?

डाळिंब, आंबा अशा फळांच्या सालीचे अर्क प्रयोगशाळेत पिष्टाची साखर करणाऱ्या पाचकरसांचे काम मंदावतात. अकार्बोज ही आपली जुनी गोळी याच तत्त्वावर चालते. म्हणजे कल्पना चुकीची नाही. पण परीक्षानळीतून माणसापर्यंतचा रस्ता किती लांब असतो, ते फ्लोरिझिनने दाखवलेच. शिवाय डाळिंबाच्या सालीतले टॅनिन जेवणातले लोह शोषू देत नाही. आपल्या भागात रक्तक्षय घरोघरी आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

सिकलसेल असेल तर जास्त सावध

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल बऱ्याच कुटुंबांत आहे. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. चूर्ण घेणाऱ्याला वाटते, गुण आला! प्रत्यक्षात साखर तशीच असते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि उपाशीपोटी व जेवणानंतरची साखरही तपासा.

तुम्ही काय करावे?

- चालू गोळी किंवा इन्शुलिन स्वतःहून बंद करू नका.
- चूर्ण, काढा, पेला यांपैकी काही घेत असाल तर लपवू नका. मी रागावणार नाही. गोळीसोबत घेतल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून मला माहीत असायला हवे.
- सुट्टी, नाव-पत्ता नसलेली 'देशी' चूर्णे टाळा. अशा चूर्णांत ॲलोपॅथीच्या गोळ्या मिसळलेल्या सापडल्या आहेत.
- जंगलात अनवाणी जाऊ नका. रोज रात्री तळपाय पाहा.
- हंगामात जांभळे बेताने जरूर खा, फळ म्हणून.

काका आता गोळ्या वेळेवर घेतात. बिजाचा पेला त्यांच्या घरी अजून आहे. त्यात ते साधे पाणी पितात. त्याला माझी काहीच हरकत नाही.